खालून की वरून?

आमच्या आतोबांनी ज्याला एकदा तरी रस्त्यात अडवून प्रश्न विचारला नाही, असा माणूस त्या काळी लोणावळ्यापासून कामशेतपर्यंत शोधूनही सापडला नसता. प्रश्न एकच. "उद्या पुण्यात पेठापेठांतून विजेची गाडी सुरू झाली, तर ती खालून न्यावी की वरून?" खालून म्हणजे जमिनीखालच्या भुयारातून आणि वरून म्हणजे रस्त्यात खांब रोवून त्यांच्यावरून. आता तेव्हाच्या पुण्यात टांगे होते, सायकली होत्या आणि घाई फारशी कुणाला नव्हती. अशी गाडी मागायला कुणीही गेलं नव्हतं. पण परदेशातल्या शहरांत अशा दोन्ही तऱ्हेच्या गाड्या धावतात, अशी चित्रं आतोबांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात पाहिली आणि त्या दिवसापासून आमच्या आत्याच्या घरातली शांतता गेली. न्हाव्याला त्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा वस्तरा त्यांच्याच गळ्यावर होता. "तुम्ही म्हणाल तसं, पण हनुवटी हलवू नका," तो म्हणाला. हे उत्तर फार मोघम आहे, असं म्हणून आतोबांनी पुढच्या महिन्यापासून न्हावीच बदलला.

त्यांना वेडे म्हणणारे पुष्कळ होते, आणि खरं सांगायचं तर शाळेत मास्तर असलेला मीही त्यांतलाच. पण या खुळामागे एक गोष्ट होती. आतोबांनी सारी उमर रेल्वेच्या नकाशांच्या कचेरीत घालवली. साहेबाच्या नकाशावर आरपार दिसणारं पातळ मेणकापड पसरायचं आणि दिसेल ती रेघ शाईनं त्यावर उतरवायची, एवढंच काम. साहेबाच्या नकाशात नाही ते आपल्या कापडावर यायचं नाही, हा पहिला नियम आणि हाच शेवटचा. "तुम्हांला काय वाटतं?" असं त्यांना त्या कचेरीत कुणी चुकूनसुद्धा विचारलं नाही. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं की आता एक नकाशा स्वतःचा काढायचा, पुण्याचा, आपल्या गाडीसकट. उन्हाळ्यात एक रावसाहेब लोणावळ्याच्या बंगल्यात हवा खायला येत. एके काळचे मोठे इंजिनियर. त्यांनी तो नकाशा पाहावा आणि काम चोख आहे असं म्हणावं, एवढी एकच इच्छा या माणसाला उरली होती. फक्त गाडी कुठून न्यायची, ते ठरत नव्हतं.

सोमवारी ते भुयाराच्या बाजूचे असत. मंगळवारी त्यांना मुठेचा पूर आठवे आणि ते खांबांवर चढत. बुधवारी त्यांच्या ध्यानात येई की खांबांवरून गाडी नेली तर माडीवर वेणीफणी करणारी बाई साऱ्या डब्याला दिसणार. "ती खिडकी लावून घेईल. तुम्ही आधी जेवायला या, भात निवतोय," आत्या म्हणे. तळेगावच्या एका लग्नात तर त्यांनी पत्रावळीवर दोन द्रोण पालथे घालून त्यांवर कुरडई आडवी टाकली आणि शेजारच्या व्याह्यांना खांबांवरचा मार्ग समजावून सांगू लागले. तूपवाल्यानं किती वेळ ताटकळावं? शेवटी त्यानं त्या पुलावरच तूप वाढलं आणि पंगत पुढे सरकली.

त्यांच्या लोणावळ्याच्या घरी दूध घालायला जवळच्या औंढ्याहून पारूबाई येत. एका सकाळी आतोबांनी त्यांनाही गाठलं. बाईंनी चरवी खाली ठेवली आणि उलट विचारलं, "आबा, ही गाडी कुनाच्या घरावरनं जायाची?"

"घरावरून कशाला? रस्त्यावरून जाईल."

"आमाला बी असंच सांगितलं व्हतं. धरनाचं पानी वढ्यातच ऱ्हाईल म्हनं. माज्या म्हायेरचं घर गेलं त्यात, वावर गेलं. नकाशा घेऊन आलता एक जण. लय झ्याक नकाशा. पर आमचं घर त्यात दावलंच न्हाई. मंग बुडलं कुनाचं?"

तो नकाशा आतोबांनी उतरवलेला नव्हता, पण तसे शेकड्यांनी उतरवले होते आणि त्यांत कुणाचं घर राहून गेलं, हे त्यांना कधी कळायचं कारणच नव्हतं. पुढचे तीन दिवस त्यांनी कुणालाच प्रश्न विचारला नाही. आत्यानं घाबरून काढा करून पाजला.

चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते पुण्याला गेले आणि मग दर आठवड्याला जाऊ लागले. हातात छत्री, काखेत वही. गल्लीबोळांतून हिंडायचं, दारं ठोठावायची, राहतं कोण, विहीर कुणाची, जिना कुठून, हे सगळं टिपून घ्यायचं. लोकांना वाटे, हा घरपट्टीचा माणूस. मी एकदा बरोबर होतो, तेव्हा एका गृहस्थांनी स्वतःची आख्खी माडी शेजाऱ्याची म्हणून सांगितली. शेजारी ऐकत होता, तो लगेच वर सामान हलवायला निघाला. त्यांचं भांडण मिटवण्यात आमची परतीची गाडी चुकली.

दोन वर्षांनी नकाशा पुरा झाला. आतोबांनी धुतलेलं धोतर नेसलं, गुंडाळी माझ्या हाती दिली आणि आम्ही रावसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. व्हरांड्यातल्या टेबलावर नकाशा पसरला. रावसाहेब चष्मा लावून वाकले. बराच वेळ बोट फिरवत राहिले. घरं होती, आड होते, पार होते, एका जिन्याखाली बसणारा शिंपीसुद्धा होता. मग त्यांनी मान वर केली.

"सुरेख आहे. पण यात गाडी कुठे आहे?"

मीही तेव्हाच पाहिलं. गाडीची एकसुद्धा रेघ नव्हती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"आधी माणसं काढली, रावसाहेब," आतोबा शांतपणे म्हणाले. "मग पेन्सिल टेकवली की कुणाचं तरी न्हाणीघर आड यायचं. खालून नेली तरी आत उतरायला तोंड लागतं. वरून नेली तरी खांबाला जागा लागते. ती कुणाची घ्यावी, हे मला ठरवता येईना."

रावसाहेब हसले नाहीत. "असा नकाशा आमच्यापुढे कधी आला नाही," एवढंच म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. काम चोख आहे की नाही, ते काही बोलले नाहीत. आतोबा चहा संपेपर्यंत वाट पाहत होते, ते मला दिसत होतं.

परतताना मी दोन पावलं पुढेच चालत होतो. मला त्यांची लाज वाटली होती आणि ते त्यांना कळलं होतं. स्टेशनजवळ ते थांबले आणि म्हणाले, "मास्तर, मनाला लावून घेऊ नका. हा एकच नकाशा असा आहे, जो मी दुसऱ्या कुणाचा बघून उतरवला नाही."

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा नकाशा चोख होता. त्या दिवशी स्टेशनजवळ त्यांना हे सांगायला मी होतो, दुसरं कुणी नव्हतं, आणि मी म्हणालो, "चला, आत्या वाट पाहत असेल."