शिफ्ट कोणती?

नवा माणूस दिसला की आपण आधी गाव विचारतो, मग आडनाव. भाभी विचारायची, "शिफ्ट कोणती?" बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीजवळ घरमालक आबांनी शेताच्या कडेला भाड्यासाठी दहा खोल्या बांधल्या, त्यातल्या एकीत ती नवऱ्याबरोबर बिहारहून राहायला आली. बाकीचे भाडेकरूही परराज्यातले, कारखान्यात राबणारे. कोण कधी जातं, कधी परततं, सगळं तिच्या डोक्यात पक्कं.

कारण पाण्याचा टँकर. तो यायचा भर दुपारी, माणसं मशीनवर उभी असताना. त्यांचे ड्रम भाभी रांगेत लावायची, भरायची, झाकायची. मी कामगार संघटनेची पत्रकं खिशात घेऊन हिंडणारा. तिला हक्कांबद्दल सांगायला गेलो. तिनं पत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर शिफ्टची यादी लिहिली. म्हणाली, "तुमच्या कागदात आग बहुत है भैया. पाणी किधर है?"

एका उन्हाळ्यात टँकर कमी झाले. आबांनी नियम काढला: ज्याचा ड्रम, तो माणूस रांगेत हजर पाहिजे. नियम सगळ्यांना सारखा, असं ते छाती काढून सांगत. कसला सारखा! पाण्यासाठी रजा कोणता कारखाना देतो? महिनाभरात खोल्या ओस पडल्या असत्या.

त्या दुपारी आबा स्वतः ड्रम बाजूला काढत होते. मला वाटलं, भाभी आता भांडेल. ती उलट त्यांना मदत करू लागली. तिनं एक रिकामा निळा ड्रम उचलला तसे आबा म्हणाले, "ए, त्यो आमच्या सुलभाचा हाय." सुलभा त्यांची सून, घरचं पाणी भरायचं काम तिचं, पण नुकतीच कंपनीत लागलेली. तिचा ड्रम रोज कोण भरतं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

भाभीनं ड्रम खाली ठेवला नाही. "सुलभा की पहिली शिफ्ट है आबा. हजर किधर है?"

रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आबांनी बाजूला काढलेला एक ड्रम परत रांगेत सरकवला. मग म्हणाले, "लाव. समदेच लाव." आम्ही वर्षभर पत्रकं वाटली होती. तिनं एक ड्रम उचलला होता.

दिवाळीनंतर नवऱ्याचं कंत्राट संपलं आणि भाभी गुजरातकडं गेली. जाताना यादी मला देईल असं वाटलं होतं. तिनं ती सुलभाला दिली.

परवा ओडिशाचं एक कुटुंब गाठोडी घेऊन भाभीच्याच खोलीत उतरलं. आबा बाजेवरून सवयीनं गाव विचारू लागले. तेवढ्यात कंपनीच्या गणवेशातली सुलभा आली, पिशवीतून घड्या पडलेला तो कागद काढला आणि सासऱ्याला मधेच तोडून विचारलं,

"शिफ्ट कोणती, दादा?"