विक्कीचं पिस्तूल आणि ठमाबाईची हाक

माणसाची किंमत करायला ठमाबाईला फार वेळ लागत नसे. विक्कीची तर तिनं तो दहावीत दुसऱ्यांदा आपटला तेव्हाच करून टाकली होती. विक्की हा भातगिरणीच्या मालकाचा एकुलता एक मुलगा, आणि ठमाबाई त्या गिरणीत लग्न होऊन आली तेव्हापासून तांदूळ पाखडत आलेली. नवरा सोमाजी गेला, मुलगा कुलदीप वरोऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये लागला, घरात सून रिना आली, तरी ठमाबाईचं सूप थांबलं नाही आणि तोंडही नाही. सकाळी बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडायचे आणि दिवसभर बाकी कोणाची भीड ठेवायची नाही, असा तिचा नेम होता.

कुठून कशी ओळख लावून विक्कीनं पिस्तुलाचा परवाना मिळवला, आणि मग गिरणीत भरडणं कमी, प्रवचन जास्त झालं. आल्यागेल्याला धरून तो सुरू व्हायचा, "बावीस बोअर म्हणजे फटाका. आत जाते, पण गडी पळतच राह्यते. नऊ एमएम पोलिसांची. ते इकडून जाते अन् तिकडून निंगते, मांगच्यालेही लागते. पंचेचाळीस जाडी. आत कमी जाते, पण गडी जाग्यावर बसते. अन् आपली बत्तीस..." इथे तो कमरेवर हात ठेवायचा. "जवळून मारली का विषय खतम."

हे सारं ज्ञान मोबाइलवरचं. याच्या बापजन्मात कोणी याच्यावर डोळे वटारले नव्हते, मग गोळी कोणाला थांबवणार होती कोण जाणे.

"अन् वाघाले कोणती लागते?" ठमाबाईनं एकदा विचारलं.

"वाघ पिस्तुलानं मरत नाई, ठमाबाई. पण आवाजानंच पळते तो."

"आवाजच पाहिजे त आमच्याजवळ तोंड हाय ना, बाप्पा."

गिरणीतले हमाल खो खो हसले. विक्की चिडला आणि बत्तीसची ताकद दाखवायला त्यानं मागच्या अंगणात तांदळाच्या पोत्यावर गोळी झाडली. गोळी पोत्यातच राहिली. मालकानं डोकं धरलं, आणि ते अख्खं पोतं चाळायला अर्थातच ठमाबाईला बसावं लागलं. शेवटी वालाच्या दाण्याएवढी चेपलेली गोळी हाती आली. ती तिनं विक्कीच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "घे, तुही मर्दानगी."

चैतात मोहफुलं पडायला लागली आणि नेमका त्याच सुमारास नाल्याकडे वाघ फिरू लागला. बाया घाबरल्या. पंचायतीची निवडणूक जवळ आलेली, विक्कीला उभं राहायचं होतं, म्हणून तो पुढे सरसावला. "मी येतो संगं. पिस्तूल हाय. फक्त कोणी आवाज कराचा नाई. मले चाहूल ऐकू आली पाहिजे."

ठमाबाईचं डोकं फिरलं. मोह वेचायला जाणाऱ्या बायांची जुनी रीत होती. वाकून वेचायचं आणि मधूनमधून एकमेकीला हाक द्यायची. हाकेला उत्तर आलं नाही की सगळ्यांनी तिकडे धावायचं. वाकलेली बाई वाघाला जनावरासारखी दिसते, तिच्या आवाजानंच त्याला माणूस कळतं. हे तिनं बायांना बजावून सांगितलं. पण कमरेच्या पिस्तुलापुढे म्हातारीचं कोण ऐकतं? रिनाही म्हणाली, "राहू द्या आई, एक दिवस." सुनेला एकटी सोडवेना, म्हणून ठमाबाई दात-ओठ खात गेली.

सकाळची वेळ. आठ-दहा बाया गप्प वेचत होत्या. विक्की एका झाडाला टेकून मोबाइलवर स्वतःचाच व्हिडिओ काढत होता. ठमाबाईच्या घशाशी हाक येत होती आणि ती गिळत होती. पुढे आयुष्यभर तिला स्वतःचा राग आला तो याच गिळण्याचा.

टणटणीच्या झुडपामागे वाघ निवांत पडला होता. कोणी आवाज केला असता तर केव्हाच उठून गेला असता. रिना पार जवळ पोचली तेव्हा तो उभा राहिला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं त्याच्याकडे. वाघानं तोंड फिरवलं आणि तेवढ्यात विक्कीनं डोळे मिटून गोळी झाडली. वाघ एका उडीत नाल्यापार गेला. रिना खाली बसली.

"रिना वं!" ठमाबाईनं हाक मारली. उत्तर आलं नाही.

गोळी पोटरीत घुसली होती. ठमाबाईनं लुगड्याचा पदर फाडून आवळून बांधला. विक्कीच्याच जीपमध्ये घालून तिला दवाखान्यात नेलं. रस्ताभर विक्कीचं डोकं मात्र चालूच होतं. "डॉक्टरले वाघ म्हणून सांगा. सरकार भरपाई देते. गोळीचं सांगाल त काई भेटणार नाई, अन् माहा लायसन जाईन. बत्तीसची फार आत जात नाई, निंगून जाईन."

तांदळाच्या पोत्यात किती जाते, ते याला ठाऊक होतं. माणसाच्या पायाचं काय ठाऊक होतं याला? थुंकायला जीपची खिडकी उघडी होती, तेवढं ठमाबाईनं केलं.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईनं विचारलं, "काय झालं?" सोबत आलेल्या बाया खाली पाहू लागल्या. विक्कीनं खाकरून सुरुवात केली, "वाघानं मॅडम, अचानक..."

"थुत्!" ठमाबाई अशी ओरडली की ओळीतली माणसं वळून पाहू लागली. "वाघाचं नाव काऊन खराब करतं बे? वाघ त पाहून निंगून गेला जी. जनावराले कळलं का पोरगी हाय म्हणून. याले नाई कळलं. याच्या पिस्तुलाची गोळी हाय माह्या सुनेच्या पायात. लिवा."

विक्की भिंतीला टेकला. रिनाला आत नेलं, दार लागलं. ठमाबाई त्या बंद दाराशी गेली. रांगेतल्या कोणीतरी "शांतता राखा" म्हटलं, तिकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. जंगलात वेळेवर द्यायची राहिलेली हाक तिनं सारा जोर लावून दिली, "रिना वं!"

आतून बारीक, कण्हत, पण उत्तर आलं, "हो, आई."