वैष्णवीच्या पेपरवरची फुली

घाटंजीच्या एका कॉम्प्युटर क्लासात इंद्रजित मेश्राम सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचा. घरातला पहिला पदवीधर. सहा वर्षांपासून गाव त्याला 'सर' म्हणत होतं, आणि तो शब्द त्याला फार जपावासा वाटे.

कापसाच्या भावानं मान टाकली त्या सालची, दोन हजार पाचची गोष्ट. परीक्षेत त्यानं प्रश्न दिला होता : कापसाच्या गाडीचं वजन आणि प्रत एका स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे माहितीच्या एका गाठोड्यात, ठेवा आणि ते छापणाऱ्या फंक्शनला द्या. सगळ्यांनी शिकवल्याप्रमाणे आधी त्या माहितीसाठी एक नाव देऊन व्हेरिएबल केला, त्यात माहिती भरली, मग तो फंक्शनच्या हवाली केला. वैष्णवीनं मात्र नावच ठेवलं नव्हतं. फंक्शनच्या कंसातच स्ट्रक्चरचा प्रकार लिहून, पुढं महिरपी कंसात वजन आणि प्रत टाकून ती मोकळी झाली होती.

इंद्रजितनं तिचा पेपर वर्गात उंच धरला. "हे कोणत्या देशाचं सी हाये?"

अठरा पोरंपोरी हसली.

"सर, एकदाच तं छापायचं हाये," वैष्णवी म्हणाली. "त्याले नाव कायले पाह्यजे?"

त्यानं तिचं उत्तर क्लासच्या मशीनवर टाइप केलं. पडद्यावर चूक असल्याची ओळ आली. "पाह्यलं?" म्हणत त्यानं पेपरवर लाल फुली मारली. ती काहीतरी बोलत होती. तो पुढच्या पेपराकडं वळला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. वेचणीचे दिवस होते, तशी बरीच पोरं गळत होती, म्हणून त्यानं विचारपूस केली नाही.

दोन महिन्यांनी यवतमाळला त्याचं प्रशिक्षण होतं. तिथला कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत नेणारा, नवा होता. जेवणाच्या सुट्टीत त्यानं वैष्णवीच्या उत्तरासारखंच काही टाइप केलं, खरं तर आपलंच बरोबर हे पुन्हा पाहायला. प्रोग्राम मुकाट्यानं चालला. वजन आणि प्रत पडद्यावर उमटली.

"सी भाषेच्या नव्याण्णव सालच्या नियमांत आलं ते," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "तुमचा कंपायलर त्याच्या आधीचा असेल."

डबा तसाच बंद करून तो व्हरांड्यात उभा राहिला.

रविवारी तो वैष्णवीच्या गावी गेला. ती आई रुखमाबाईसोबत शेतात कापूस वेचत होती.

"तुयं उत्तर बरोबर होतं," तो म्हणाला. "चूक माह्यी होती."

"मले ठाऊक होतं, सर. मामाच्या कॉम्प्युटरवर आधीच तसं चालवून पाह्यलं होतं."

"मंग तवाच काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं होतं ना."

ती बोलत असताना आपण पुढच्या पेपराकडं वळलो होतो, हे त्याला आठवलं. रुखमाबाई म्हणाली, "त्या दिवशी पोरगी जेवली नाई. मले वाटलं नापास झाली."

"वर्गात सांगसान काय?" वैष्णवीनं विचारलं. तो हो म्हणाला.

सोमवारी त्यानं फळ्यावर तिचं उत्तर तिच्या नावासकट लिहिलं आणि झालं ते सगळं सांगितलं. पण समोर सहाच जण होते, त्यातले चार नवे. एकानं विचारलं, "सर, हे परीक्षेत येते का?"

वैष्णवी परतली नाही. मामाकडं राहून शिकली. त्या दिवशी हसलेले बाकीचे शेतात, दुकानांत पांगले. बाजाराच्या दिवशी त्यातलं कुणी भेटलं की इंद्रजित त्याला थांबवून सांगू लागे. एकदा एकानं भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, सगळं ऐकलं आणि विचारलं, "कोणती वैष्णवी, सर?"