युनफेनचं सॉसेज कुणी बदललं?

ल्याओ युनफेनला मासा विकणं म्हणजे शिक्षा आहे, असं नेइज्यांग शहरातल्या मंडईतले मासेवाले तिच्या तोंडावर म्हणायचे. ती कल्ले उचकटून बघायची, पोटावर बोट दाबायची, आणि मासा आपण होऊन पोहतोय की मासेवाल्याने टाकीला गुडघा लावला म्हणून हलतोय, हे बघत उभी राहायची. अंडी कानाशी धरून हलवायची. भाजीची जुडी सोडायला लावायची, कारण बाहेरची पानं दाखवायला असतात आणि आतली गळ्यात मारायला. या जगात कुणी कुणाला काही सरळ देत नाही, असं तिचं ठाम मत होतं, आणि खरं सांगायचं तर मंडईने ते कधी खोटं पाडलं नव्हतं.

आणलेल्या मालाचं पुढे काय करायचं, हा प्रांत नवऱ्याचा. फू चांगमिंग साखर कारखान्यात फिटर होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी कारखान्याच्या वसाहतीत तो फू मिस्त्रीच राहिला. ती पिशवी ओट्यावर रिकामी करायची, तो एकेक वस्तू उचलून "ही पास झाली का?" असं विचारायचा आणि कढई तापत ठेवायचा. संशय तिचा, चव त्याची, अशी त्या घरात कामाची वाटणी होती आणि दोघांचंही त्यात बरं चाललं होतं.

हिवाळ्यात सॉसेज भरायचे दिवस आले की या वाटणीला खरा रंग चढायचा. सगळी वसाहत तान खाटकाच्या दुकानासमोर रांग लावते. मांस आपण निवडायचं, मसाला आपण घरून न्यायचा, कालवायचंही आपणच. तानचं यंत्र फक्त मांस दळतं आणि कालवलेलं आतड्यात भरून देतं. आता त्या यंत्राच्या घशात आधीच्या गिऱ्हाइकाचं चरबट मांस उरलेलं असतं की नाही? तानचा हात टोपलीखाली कशाला जातो? युनफेन यंत्रापासून वीतभर अंतरावर उभी राहायची आणि डोळ्यात तेल घालून पाहायची. शिंक आली तरी डोळे मिटायची नाही, असं तान म्हणायचा. मिस्त्री मागच्या बाजूला परातीत मांस कालवायचा. तिखट, भाजून कुटलेलं तिरफळ, मीठ, कडक दारू, आणि जन्म साखर कारखान्यात गेलेला म्हणून मूठभर तांबडी साखर. त्याचं सॉसेज आधी जिभेला मुंग्या आणायचं, मग कानातून धूर काढायचं आणि गिळता गिळता गोड व्हायचं. शेजारीपाजारी तुकडा मागायला यायचे. ती तुकडा द्यायची आणि ते पाककृती चोरायला आलेत, असं मिस्त्रीच्या कानात सांगायची.

भरलेली सॉसेजं नदीकाठच्या धुरीच्या शेडमध्ये जातात. ओल्या सुरूच्या फांद्या, उसाची चिपाडं, संत्र्याच्या साली, यांच्या धुरात सगळ्यांची सॉसेजं शेजारी शेजारी टांगलेली. आपली ओळखू यावीत म्हणून ज्याचा त्याचा दोरा. युनफेनची निळी लोकर.

या वर्षीही सगळं असंच झालं. फक्त सॉसेजं धुरात असतानाच एका सकाळी मिस्त्री जिन्यात बसला तो उठलाच नाही. दवाखान्यात नेला, आणि थोड्याच दिवसांत गेला.

डॉक्टर तरुण होता, हळू बोलणारा. म्हणाला, यकृताचा आजार आहे, जुना आहे. "कित्येक महिने त्यांची भूक गेली असेल. तोंडाची चवही गेली असेल. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

"एका टेबलावर जेवतो आम्ही," युनफेन म्हणाली. "मला कळलं नसतं?"

हे वाक्य तिने त्यानंतर अनेकांना ऐकवलं. क्रियाकर्माला आलेल्या मुलाला, यूबिनला, तर दिवसातून चारदा. "चांगला चालता बोलता माणूस होता. आपलं काहीतरी चुकलं ते झाकायला आजार जुना म्हणतायत. मी मासा बघून सांगते तो काल मेला की परवा, आणि नवऱ्याचं मला कळणार नाही?" यूबिन मान हलवायचा. त्याला परत ग्वांगझौला कामावर जायचं होतं. नव्या वर्षाच्या सणाला येतो म्हणाला आणि गेला.

मग सॉसेजं घरी आली. तिने ती गॅलरीत बांबूला टांगली, एक उकडलं, पातळ कापून वाडग्यात घातलं, मिस्त्रीच्या फोटोपुढे ठेवलं, उदबत्ती लावली. उदबत्ती विझल्यावर एक चकती तोंडात टाकली आणि थुंकली. मीठच मीठ. तिरफळ असं की ओठ जागेवर आहेत की नाहीत ते कळेना. गोडाचा मागमूस नाही. दुसरं उकडलं. तेही तसंच.

मनात पाल चुकचुकली, आणि आश्चर्य म्हणजे कित्येक दिवसांत पहिल्यांदा युनफेनला जरा बरं वाटलं. हे मिस्त्रीच्या हातचं नव्हतंच. हे कुणीतरी बदललं होतं. मिस्त्रीची जीभ शाबूत होती, त्याचं सॉसेज दुसऱ्या कुणाच्या तरी गॅलरीत लटकत होतं, आणि ते सापडलं की डॉक्टर खोटा पडणार होता. तिने यूबिनला फोन लावला. "शोधून काढते," म्हणाली. "तू ये, तुला तुझ्या बाबांच्या हातचंच खायला घालते. मग ठरव कोण खोटं बोलतंय."

"आई, एका सॉसेजवरून..."

"एका नाही. सगळीच बदललीयत."

शेडमध्ये तिच्या बांबूशेजारी खालच्या मजल्यावरच्या यिनबाईचा बांबू होता, आणि यिनबाईचाही दोरा निळा. आणखी काय पुरावा पाहिजे? यिनबाईने दुखवट्यात भाजी पाठवली होती, त्याचा वाडगा परत करायचाच होता. युनफेन बरोबर जेवायच्या वेळेला वाडगा घेऊन खाली गेली.

"बसा ना ल्याओताई, दोन घास खा," यिनबाई म्हणाली. ताटलीत सॉसेज होतंच. युनफेनने काड्यांनी एक उचललं, जिभेवर घोळवलं. आल्याचा वास, मिळमिळीत, बिनतिखट. हे त्याचं नव्हे. दुसरी कुणी असती तर तोंड पुसून उठली असती. युनफेनने ताडलं की खरी लपवून ही दुसरीच शिजवली आहेत.

"बाकीची कुठायत?"

"बाकीची काय?"

"सॉसेजं. गॅलरीत दिसत नाहीत."

"लेकीकडे पाठवली."

"एवढ्या घाईनं?"

यिनबाईने काड्या खाली ठेवल्या. "ताई, तुम्ही वाडगा द्यायला आलात की झडती घ्यायला?"

"माझ्या माणसाच्या हातची सॉसेजं बदलली गेलीत. तुझा बांबू शेजारी. तुझा दोरा निळा. मी काही म्हणत नाही, तूच काय ते सांग."

"अहो, माझी नायलॉनची दोरी आणि तुमची लोकर! आंधळ्याच्या हाताला कळेल!" यिनबाईच्या नाकाला आता चांगल्याच मिरच्या झोंबल्या होत्या. "मिस्त्री गेले म्हणून ऐकून घेते, नाहीतर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नसतं. आणि लोकर मिस्त्रींनी स्वतः बांधली ना? जाऊन गाठी बघा. तसल्या गाठी या वसाहतीत दुसऱ्या कुणाला येतात का?"

युनफेन फणफणत वर आली आणि आधी गाठी बघितल्या. फिटरची गाठ होती, दोन फास आणि मधून आडवा पीळ. त्याच गाठीने तो खिडकीचा पडदा, सायकलचा दिवा आणि तिची तुटलेली चप्पलसुद्धा बांधायचा. ओढून बघितली, सुटली नाही. म्हणजे शेडमध्ये काही झालं नव्हतं. म्हणजे जे झालं ते गाठ मारायच्या आधी, तानच्या दुकानात. मांसच बदललं!

एवढा पहारा देऊनही या खाटकाने हात मारला, याचा तिला संतापही आला आणि आपला कयास बरोबर निघाला म्हणून समाधानही वाटलं. दुकानापुढे सणाची गर्दी होती. ती रांग कापत थेट यंत्रापाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तान! मेलेल्या माणसाचं मांस खाल्लंस तू!"

रांगेतल्या माना वळल्या. वाक्य जरा भलतंच झालं हे तिच्याही लक्षात आलं. "म्हणजे त्याने कालवलेलं," ती म्हणाली. "दुसऱ्याचं भरून दिलंस मला. खारट, चरचरीत, घाणेरडं."

तानने सुरा वर धरला तो तसाच राहिला. त्याची बायको क्वेइफांग ओले हात कमरेच्या फडक्याला पुसत आली आणि युनफेनला दंडाला धरून मागच्या बाजूला, आतडी धुवायच्या टपांपाशी घेऊन गेली.

"मावशी, यंत्रात नाक घालून उभ्या होतात तुम्ही. आम्ही बदलणार कधी?"

"मग ते इतकं खारट कसं झालं?"

क्वेइफांगने टपातलं पाणी उगाचच ढवळलं.

"तुझ्या तोंडावर दिसतंय," युनफेन म्हणाली. "बोल."

"खारट आहे हे मी तेव्हाच म्हटलं होतं त्यांना."

"कुणाला?"

"काकांना. दरवर्षी ते इथे माझ्या शेगडीवर कालवलेला गोळा तळून चाखतात ना, तसा तळला. तोंडात टाकला, आणि चावतच राहिले. मग मीठ घातलं. परत तळला, परत मीठ. मग तिरफळ. शेवटी मला म्हणाले, क्वेइफांग, तू बघ गं जरा. मी म्हटलं, काका, समुद्र झालाय नुसता. तर हसले."

"हसला?"

"हसले. म्हणाले, उन्हाळ्यापासून जीभ लाकडाची झालीय, काय खाईन ते भुसा लागतं. मी म्हटलं दवाखान्यात जा. तर म्हणाले, नवं वर्ष होऊन जाऊ दे, पोरगा येईल, सगळे मिळून जेवू, मग जातो. सणाच्या तोंडावर घरात अभद्र कशाला? तुम्हाला सांगू नको म्हणाले." क्वेइफांगचा आवाज बारीक झाला. "सगळेच असं करतात हो मावशी. माझ्या सासऱ्यांनीही हेच केलं होतं. म्हणून मी गप्प बसले. चुकलं माझं."

युनफेन टपाची कड धरून उभी होती. "तळलेलं मला का नाही दिलं चाखायला? मी दहा पावलांवर तर होते."

"मी म्हटलंही तसं. तर म्हणाले, नको. तिने एक घास खाल्ला तर तिला सगळं कळेल. तिच्यापासून काही लपत नाही."

पुढे यंत्र पुन्हा सुरू झालं. युनफेन घरी आली.

तिच्या लक्षात आलं नव्हतं, असं नव्हतंच. तेच तर तिला आता गिळवेना. मिस्त्री पानात भात टाकायला लागला होता, हे तिला पावसाळा सरता सरता दिसलं होतं. दिसलं, आणि तिने लगेच ओळखलं की हा चहाच्या दुकानात मित्रांबरोबर नूडल्स झोडून येतो. ती त्याच्या पाठोपाठ गेली होती. तो नुसता चहाचा पेला हातात धरून माहजोंगचा डाव बघत बसलेला, आणि तिला वाटलं, खाऊन झालंय आणि वाडगे उचललेत. घरी आल्यावर तिने असं फैलावर घेतलं की शेवटी त्याने हात वर केले. "खाल्ल्या बाई. बीफच्या. भरपूर तेल घातलेल्या." तिने ही चोरी जिन्यातल्या सगळ्यांना रंगवून सांगितली. तोही शेजारी उभा राहून हसला. त्या दिवशी तिला केवढी मोठी फत्ते झाल्यासारखं वाटलं होतं! आता फोटोसमोर बसून ती बोलली, "खोटारड्या," आणि मग तिला रडू फुटलं. क्रियाकर्माच्या वेळी आलं नव्हतं तेवढं आलं. त्याचा राग आला, क्वेइफांगचा आला, आणि स्वतःच्या त्या टवकारलेल्या डोळ्यांची तर किळस आली.

यूबिन सणाच्या आदल्या दिवशी आला. सणाचं जेवण त्यांच्याकडे दुपारी असतं. युनफेनने मासा केला, कोंबडीचं सूप केलं, आणि सॉसेज दोनदा पाणी बदलून उकडलं. तरी मीठ हटलं नाही. तिने ते कापून मध्ये ठेवलं. फोटोपुढे ठेवलं, यूबिनपुढेही ठेवलं.

फोनवरच्या बढायांबद्दल तिने काही काढलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. त्याने एक चकती खाल्ली, भात खाल्ला. आणखी एक खाल्ली, पाणी प्यायला. थोड्या वेळाने वाडगा खाली ठेवला. निम्मा भात तसाच होता.

"का रे? बाहेर खाऊन आ..." युनफेनच्या तोंडून निघालं आणि शब्द तिथेच अडकला. तिने काड्या ठेवल्या. टेबलावरून वाकून तिने त्याची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, डोळ्यांचा पांढरा भाग बघितला.

"आई, काय करतेस?"

"कुठे दुखतंय का?"

"नाही गं."

"खरं सांग. भूक लागते? जेवणाला चव लागते तुला?"

"लागते ना. म्हणून तर खाववत नाहीये," यूबिन म्हणाला, आणि मग बिचकत, आईच्या तोंडाकडे बघत, "आई, रागावू नकोस. हे फार खारट आहे. तुला खरी सापडली नाहीत का?"

युनफेनने त्याची हनुवटी सोडली. ताटलीतली एक चकती उचलली, तोंडात टाकली, थुंकली नाही, सावकाश चावून गिळली.

"हीच खरी आहेत," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनीच केलीत."