माझ्या अभिनंदनावर घसरलेली पिल्लं

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. प्राणीशास्त्रात बी.एस्सी. झाले तेव्हा बाबांनी गावाच्या फाट्यावर माझा आठ फुटी फ्लेक्स लावला. हार्दिक अभिनंदन, खाली माझा दात दाखवणारा फोटो. हे मी आजही अभिमानानं सांगते. लाज वाटावी असं जे झालं ते नंतर.

नोकरी मिळेना, म्हणून टर्की पाळायचं ठरवलं. दुसरबीडच्या मावशीकडून बारा अंडी एसटीत मांडीवर धरून आणली आणि आईच्या खुडुक कोंबडीखाली ठेवली. अठ्ठावीस दिवस ती बिचारी इमानानं बसली. नऊ पिल्लं निघाली, आणि मी त्याच दिवशी ती तिच्याखालून काढून घेतली.

"काऊन वं? तिनं काढले, तिच्यापाशी राहू दे ना," आई म्हणाली.

"आई, हे शास्त्रशुद्ध करायचं आहे."

ओसरीच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचं कुंपण केलं, वर बल्ब टांगला. खाली धुता येईल असं काहीतरी हवं होतं. कपाटामागे फ्लेक्स गुंडाळून ठेवलेला होता. मागची बाजू मळकी, म्हणून छापील बाजू वर घालून अंथरला.

"माह्या पोरीच्या तोंडावर पाखरं हगतीन!" बाबा कळवळले.

"पुसता येते बाबा."

पहिला दिवस पिल्लांनी माझे दात टोचण्यात घालवला. शेजारी उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून ठेवला होता, तिकडे एकही जाईना. दुसऱ्या दिवशी पाच पिल्लं उठेनात. पाय दोन बाजूंना फाकलेले, पोट जमिनीला. उठायची, की पाय पुन्हा आपापल्या दिशेनं. एक माझ्या गालावर बसून माझ्याकडेच बघत होतं. पायात जोर नाही म्हणजे जीवनसत्त्व कमी, हे निदान मी उभ्या उभ्या केलं आणि बाजारातून औषधाचे थेंब आणून पाण्यात घातले. तिसऱ्या सकाळी आणखी वाईट. पाण्यापर्यंत सरकताही येईना. एकेकाची चोच धरून बुडवावी लागे. अशी ती दोन दिवसांच्या वर टिकली नसती. इकडे बाबा पानठेल्यावर सांगून बसलेले, पोरगी फार्म टाकून राह्यली म्हणून.

आई पाणी बदलायला कुंपणात उतरली. थोडं पाणी सांडलं, तिचा पाय सटकला आणि ती खांबाला धरून कशीबशी सावरली. मी धावले. ती माझ्याकडे न बघता खाली बघत होती.

"मी एवढी मोठी बाई घसरली. थे तर परवा अंड्यातून निघाले. उभे कशावर राहतीन वं?"

तीन वर्षांच्या पुस्तकांत हे कुठंतरी असणार. मी वाचलेलं नव्हतं.

फ्लेक्स काढला, बारदाना अंथरला. लाथाळ गाईचे पाय दूध काढताना बांधतात, तसे पिल्लांचे बांधू, आई म्हणाली. मी चिकटपट्टीच्या बारीक चिंध्या कापल्या, तिनं पिल्लू तळहातावर धरलं. दोन पायांत बोटभर अंतर ठेवून पट्टी गुंडाळली. फार आवळायची नाही, पाय सुजतो. पाचही जण तोंडावर पडले. मग उठले. पुन्हा पडले. आई दिवसभर त्यांना उभं करत होती आणि मी चोची बुडवत होते.

पट्टी बांधल्यावर तिसऱ्या दिवशी एक गेलं. चौघांच्या पट्ट्या पाचव्या दिवशी काढल्या, आणि ते धडपडत का होईना, स्वतःच्या पायांनी बलकापर्यंत गेले.

आता आठ टर्की अंगणात छाती फुगवून फिरतात. एकाची चाल थोडी तिरपी आहे. बघायला येणाऱ्यांना बाबा सांगतात, "पाय गेले होते पाखरांचे. पोरीनं बरे केले. प्राणीशास्त्राची हाये ना ते."

आई चूल फुंकत असते. मी खुराडं झाडायला घेते. फ्लेक्स आता खुराड्याच्या छपरावर आहे, पावसासाठी. छापील बाजू वर, हा बाबांचा हट्ट.