ठेवणीतला इम्पेलर

घोडबंदरहून ओहोटीच्या पाण्याबरोबर निघालो तेव्हा आभाळ मळकट होतं आणि खाडी त्याहून मळकट. दादाची ही छोट्या केबिनची बोट पुढच्या आठवड्यात विकली जाणार होती. त्याआधी ती एकदा हर्णैला न्यायचीच, असा त्याचा हट्ट. हर्णै म्हणजे वहिनीचं माहेर. तिला स्वतःच्या बोटीने माहेरी नेईन, असा शब्द त्याने दिला होता. मागच्या वर्षी वहिनी गेली आणि शब्द तेवढा उरला. सोबतीला मी, धाकटा भाऊ, ज्याला एसटीतही मळमळतं.

केबिनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बेल्ट, फिल्टर, रबरी नळ्या, सगळे सुटे भाग कोरेच्या कोरे, पिशव्यांत बांधलेले. आई कपाटात ठेवणीतल्या साड्या जपायची, तसा प्रकार.

"भर समुद्रात दुकान आहे का, नंदू?" दादा म्हणाला.

कोपऱ्यात वहिनीचं लाइफ जॅकेट होतं, अजून प्लॅस्टिकमध्ये. मी हात लावला.

"ते नको काढूस. नवीन आहे."

मग मी तुटक्या बकलाचं जुनं जॅकेट सुतळीने बांधून घेतलं आणि मनातल्या मनात दादाला चार शिव्या घातल्या.

भाईंदर पश्चिमेच्या इमारती मागे पडल्या. पुढे तिवरं, चिखल, ओसाड मिठागरं. थर्मासमधला चहा प्यायलो, गार थालीपीठ खाल्लं. वहिनीच्या हातची चव दोघांनाही आठवली असणार.

खाडीच्या तोंडाशी लाटा लागल्या आणि इंजिनाचा भोंगा वाजला. इंजिन तापलं होतं. दादाने ते बंद करून नांगर टाकला. इम्पेलर (इंजिनात थंड पाणी ओढणारं रबरी चक्र) फाटला होता. दादा चक्क खूश झाला. याच वेळेसाठी तर त्याने इतकी वर्षं सगळं जमवलं होतं! त्याने कोरा इम्पेलर काढला, पाती वाकवून बसवायला गेला, तर पातं मुळाशी कटकन तुटलं. त्याच्याच सोबत घेतलेला दुसरा काढला. तोही तसाच. रबर पाकिटात पडून पडून कडक झालं होतं.

"नवीन बसवायचा आणि चालू असलेला काढून जवळ ठेवायचा, अशी पद्धत आहे," दादा हळूच म्हणाला. "माहीत होतं रे मला. पण नवीन वापरायला मन होत नव्हतं."

भरती लागल्यावर परतणाऱ्या एका मासेमारी बोटीने आम्हाला दोर टाकला.

"कुटं चालले व्हते, काका?" बोटीवरच्या माणसाने विचारलं.

"हर्णैला."

"लय लांब हाय. आता आज जानं न्हाय."

बोट ओढली जाऊ लागली तसं दादाने वहिनीच्या जॅकेटचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. "घाल," मला म्हणाला. मी पट्टे ओढले, पण बकल काही पोटावर येईना. वहिनी तर माझ्याहून जाड होती.

"हे तिला झालंच नसतं, दादा," मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

"अंदाजानेच आणलं होतं. तिने कधी घालून बघितलंच नाही."

मग धक्क्यापर्यंत तो ते मांडीवर घेऊन बसला. सकाळपासून त्याचा राग येत होता, तो कुठल्या कुठे गेला. नुसतं वाईट वाटत राहिलं.

परतताना रिक्षात दादा रस्त्याकडे बघत म्हणाला, "दर मे महिन्यात ती एसटीने एकटीच जायची. निघताना विचारायची, अहो, झाली का बोट तयार? मी म्हणायचो, थोडंच राहिलंय."