मावशींनी बदललेला खुनी

आमच्या ग्रंथालयात त्या कादंबरीबद्दल मत नाही असा एक माणूस उरला नव्हता, आणि मत देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती वाचलेली नव्हती. मी देवघेवीच्या खिडकीत बसते. पुस्तक कोण वाचतं आणि कोण नुसतं काखोटीला मारून मिरवतं, हे मला आता चेहऱ्यावरून कळतं. ‘चमचाभर काळोख’ ही रहस्यकथा लिहिणारा मागच्याच गल्लीत राहणारा, म्हणून मिरवणारेही जरा जास्त. दाताचे डॉक्टर म्हणत, शेवट माहीत असूनही दुसऱ्यांदा वाचली. विमावाल्यांची म्हणे झोप उडाली होती. चित्रकलेच्या सरांना मुखपृष्ठ आवडलं नव्हतं, आणि माझा असा दाट संशय आहे की ते मुखपृष्ठाच्या पुढे गेलेच नव्हते.

खरं सांगायचं तर पुस्तक चांगलं होतं. तेच वाईट झालं. अंथरुणाला खिळलेली एक पैसेवाली म्हातारी, तिच्यावर डोळा ठेवून असलेला पुतण्या, सारखा घड्याळ बघणारा डॉक्टर, धुसफुसणारी सून. वाचणाऱ्याने आळीपाळीने सगळ्यांवर संशय घ्यावा आणि शेवटी कळावं की म्हातारीला मारलं ते तिला दिवसरात्र सांभाळणाऱ्या मावशीने. म्हातारीला पातळ पाणी गिळता येत नसतं, म्हणून मावशी पाण्यात चमचाभर पांढरी पावडर घालून ते घट्ट करून पाजत असते. एक दिवस ती पावडर बदलते, एवढंच. वाचताना माझ्याही अंगावर काटा आला होता, खोटं का बोला.

पण लेखकाला ती पावडर, तो चमचा आणि ती मावशी कुठे सापडली, हे मला ठाऊक होतं. त्याच्याच घरात.

त्याच्या आईला आम्ही सगळे बाई म्हणतो. निम्म्या गावाला त्यांनी शिकवलंय, त्यात मीही आले. वर्गात त्यांना न बघताच कळायचं मागच्या बाकावर कोण बोलतंय ते. म्हातारपणी काचबिंदूने दृष्टी गेली आणि मग झटका येऊन एक बाजू लुळी पडली. जीभ सावरली, डोकं तर कधी बिघडलंच नव्हतं, पण गिळणं अवघड झालं. साधं पाणी प्यायल्या की ठसका लागून जीव घुसमटायचा. तेव्हापासून मावशी त्यांच्याकडे आहेत. आधी त्या एका हॉस्पिटलात आया होत्या, नवरा गेल्यावर घरोघरी पेशंट सांभाळू लागल्या. रात्री बहिणीच्या खोलीवर झोपायला जात, तेही बाईंच्या घरी पाहुणे असले तरच. नाहीतर बाईंच्या पलंगाखाली त्यांची सतरंजी.

मावशींचं शिक्षण जेमतेम. पण बाईंना वाचल्याशिवाय अन्न गोड लागत नसे आणि मुलाला वाचून दाखवायला वेळ नव्हता, तो लिहीत होता. मग बाईंनी मावशींना मोठ्याने वाचायला शिकवलं. वर्गातल्यासारखंच, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पूर्णविरामाला थांब, स्वल्पविरामाला श्वास घे, ‘ण’चा ‘न’ केलास तर पाणी पिणार नाही. मावशी दर आठवड्याला माझ्या खिडकीशी येत, पिशवीतून पुस्तक काढत आणि आधी बाईंचं मत सांगत. ‘बाई म्हणाल्या, अर्ध्यात संपवायला हवं होतं. बाई म्हणाल्या, नायिकेला दोन ठेवून द्याव्याशा वाटतात.’ स्वतःचं मत विचारलं की हसत आणि म्हणत, मला मेलीला काय कळतंय.

मुलाची कादंबरी आली तेव्हा बाईंनी दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला हात लावू दिला नाही. ती वाचली कुणी? मावशींनीच. दुपारी पाणी पाजायचं, तोंड पुसायचं, आणि पलंगाशेजारी बसून वाचायचं की मावशीने ग्लासात चमचा फिरवला. पहिले काही दिवस बाई खूश होत्या. अगं, ही तर हुबेहूब तूच, म्हणून हसत होत्या. मावशीही हसत होत्या. मग एका आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या, पिशवी उघडली नाही, नुसत्या खिडकीशी उभ्या राहिल्या. मी विचारलं, कशी वाटली कादंबरी?

‘हात नीट लिहिलेत,’ त्या म्हणाल्या. ‘माझे हात अगदी बघून बघून लिहिलेत दादांनी.’

त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच सांगितलं की शेवटची प्रकरणं त्यांनी बाईंना तशी वाचून दाखवलीच नाहीत. मावशीचं नाव येईल तिथे पुतण्याचं घातलं. पुतण्या स्वयंपाकघरात कसा शिरला, डबा कसा बदलला, ते वाचता वाचता मनाने रचलं. मी तोंडात बोट घातलं. बाईंसारख्या बाईला हे कळलं नाही? नाही कळलं, त्या म्हणाल्या, आणि त्यात जराही शेखी नव्हती. उलट त्यांचा चेहरा उतरला होता.

‘रोज माझ्याच हातचं प्यायचंय त्यांना. ते वाक्य माझ्याच तोंडून कसं ऐकवू?’

आता पुस्तकावर चर्चा ठरली होती, आमच्याच वाचनकक्षात, आणि बाईंना चाकाच्या खुर्चीतून आणायचं होतं. तिथे कुणी खुन्याचं नाव घेणार नाही ना, एवढं विचारायला मावशी आल्या होत्या. मी म्हटलं, मुळीच नाही, रहस्यकथेची चर्चा आहे, ज्यांनी वाचली नाही त्यांचाही विचार करायला नको? त्याच दिवशी मी मोठ्या अक्षरांत पाटी लिहून दारावर लावली, की खुनी कोण हे कृपया कुणी सांगू नये. लेखकाला पाटी फार आवडली. त्याने तिच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

चर्चेच्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. बाई पहिल्या रांगेत, इस्त्रीचं लुगडं, मान ताठ. मावशी त्यांच्या मागे खुर्चीची मूठ धरून उभ्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. मतं सुरू झाली. कुणाला भाषा आवडली, कुणाला वेग. एकीने सांगितलं की ती पुस्तक हातात धरून दाराची कडी तपासून आली. दाताचे डॉक्टर उठून लांबण लावून बसले, पण पाटीचा मान राखून. लेखक हात जोडून ऐकत होता आणि मान अशी हलवत होता की त्याला हे सगळं आधीच ठाऊक असावं. बाईंच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत तसं समाधान पाहिलं नव्हतं. लेकाचं कौतुक कोणत्या आईला नको असतं? मला वाटलं, निभावलं.

मग विमावाले उठले.

‘मी फार बोलत नाही,’ ते म्हणाले. ‘पुस्तक संपवलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या आईकडच्या मावशीला काढून टाकलं. याहून मोठी दाद लेखकाला काय देणार?’

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिली टाळी लेखकाची होती. मी खिडकीपाशी उभी होते. त्या माणसाला त्याच्या विम्यासकट बाहेर काढावंसं मला वाटलं. त्याच्या आईकडची ती बाई कोण, तिला कारण तरी सांगितलं का, हे एकानेही विचारलं नाही.

टाळ्या ओसरल्या तेव्हा बाई बोलल्या. आवाज अजूनही मागच्या बाकापर्यंत जाणारा. ‘पण खून तर पुतण्याने केला.’

लोक हसले. वाईट हेतूने नाही, म्हाताऱ्या माणसाच्या चुकीला हसतात तसं, लाडाने. तेच जास्त लागलं असणार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाईंना कुणी असं लाडाने हसलं नव्हतं. लेखक पुढे वाकला आणि हसतच म्हणाला, ‘पुतण्या नाही गं आई, मावशी. तुला शेवट वाचून दाखवला नाही का?’

बाईंनी मान किंचित मागे वळवली, जिथे मावशी उभ्या होत्या तिकडे. मावशींनी खुर्चीची मूठ सोडली नव्हती, पण त्यांच्या बोटांतलं रक्त उतरलं होतं. लेखकाला काहीतरी घोटाळा झालाय एवढं कळलं असावं, कारण त्याने घाईने पुढच्या वाचकाचं नाव पुकारलं. बाईंचा तो समाधानी चेहरा गेला तो गेलाच.

त्यानंतर मावशी खिडकीशी आल्या त्या पुस्तक बदलायला नव्हे, परत करायला. दुसरं नको म्हणाल्या. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्या संध्याकाळी पाणी पाजायला गेल्यावर बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. मावशींनी हातापाया पडून सांगितलं की का बदललं, कशासाठी बदललं. दादांनीही समजावलं, आई, ही नुसती गोष्ट आहे. मावशींनाही ते म्हणाले की तुम्ही मनाला लावून घेऊ नका, सगळं काल्पनिक आहे. मग त्यांना कुठल्याशा मुलाखतीला जायचं होतं, ते गेले. बाई प्यायल्या, पण कशा ते मावशींनी सांगितलं नाही. तुम्हीच एकदा येऊन जा, एवढंच म्हणाल्या.

मी सुटीच्या दिवशी गेले. खोली तशीच, औषधांचं टेबल, खिडकीवर पातळ पडदा, कोपऱ्यात ती चाकाची खुर्ची. बाई उशांना टेकून बसलेल्या. माझा आवाज ओळखून त्यांनी मला बसायला सांगितलं, नोकरीची विचारपूस केली. कपाटाशेजारी मोबाइल ठेवलेला होता आणि त्यातून कुणा बाईचा सपाट आवाज कुठलंसं पुस्तक वाचत होता. मुलाने लावून दिलंय, बाई म्हणाल्या, त्या बयेला स्वल्पविराम ठाऊक नाहीत, पण आहे ते वाचते.

पाण्याची वेळ झाली. मावशींनी ग्लासात पाणी ओतलं, चमचाभर पावडर घातली, ढवळलं. चमचा काचेला लागला तेव्हा बाईंची मान ताठ झाली. त्यांनी चांगला हात पुढे केला आणि मावशी सवयीने खाली वाकल्या. मला आधी कळेना काय चाललंय. बाईंची बोटं चाचपडत मावशींच्या गळ्यावर आली आणि तिथे थांबली.

‘आधी तू.’

मावशींनी एक घोट घेतला. बाईंची बोटं गळ्यावर तशीच. घोट खाली उतरल्याचं बोटांना कळलं तेव्हा हात मागे गेला. ‘आता दे.’ मग मावशींनी एक हात मानेखाली घालून, हनुवटी जराशी खाली झुकवून, थोडं थोडं करून सगळा ग्लास पाजला, तोंड पुसलं, पदर सारखा केला. ठसका लागला नाही. त्यांच्या हातचं पिताना तो कधीच लागत नाही. माझ्याकडे न बघता त्या ग्लास धुवायला गेल्या.

माझं डोकं फिरलं होतं. मला शिकवलेल्या बाई असल्या म्हणून काय झालं, मी बोललेच. म्हटलं, तुम्हाला हे शोभत नाही. इतकी वर्षं त्या तुमची उस्तवार करतायत, आणि एका पुस्तकापायी तुम्ही त्यांच्या गळ्याला हात लावता? तुम्हाला खरंच वाटतं त्या तुम्हाला काही करतील?

बाईंनी मोबाइल बंद करायला सांगितला. मी केला.

‘ती मला विष घालणार नाही हे मला कळतं,’ त्या म्हणाल्या. ‘मी म्हातारी झालेय, मूर्ख नाही. पण डोळे गेलेत, मी तिच्या आवाजावर जगते गं. ती ऊन म्हणाली की माझ्यासाठी ऊन. ती म्हणाली गोळी पिवळी, की गोळी पिवळी. मुलगा हसला का रागावला, तेही मी तिला विचारते. तिला वाचायला मी शिकवलं. आणि तिने मला दिवसचे दिवस खोटं वाचून दाखवलं, आणि मला एका ओळीतही कळलं नाही.’

मी म्हटलं, ते तुमच्यासाठीच केलं त्यांनी.

‘असेल. पुढच्या वेळीही माझ्यासाठीच करेल. मला कळणार कसं?’

त्या विमावाल्यावर राग काढणं सोपं होतं, लेखकावरही. या बाईंवर तो धरता येईना, आणि मावशींची बाजू घेऊन काही बोलावं तर ते यांच्याविरुद्ध जात होतं. आतल्या नळाचा आवाज थांबला. बाईंनी मान माझ्याकडे वळवली आणि आवाज खाली आणला.

‘तू सांग. खिडकी उघडी आहे का बंद?’

‘उघडी आहे, बाई.’

‘समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घातलेत?’

मी उठून पाहिलं. ‘हो. चादरी आहेत.’

बाईंनी मान डोलावली. ‘ती पण चादरीच म्हणाली होती,’ त्या म्हणाल्या.

मावशी धुतलेला ग्लास हातात घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्या आत आल्या नाहीत.